खोडकिडा, कोळी आणि मधले पंधरा दिवस

लावणी होऊन तीन-चार आठवडे झाले की कर्जत-खालापूरकडच्या खाचरांत काही चुडांचा मधला पोंगा पिवळा पडून सुकलेला दिसतो. चिमटीत धरून ओढला तर तो अलगद हातात येतो आणि खालचं टोक कुरतडलेलं असतं. हा गाभेमर, म्हणजे खोडकिड्याचं काम. शेतकऱ्याला कीड आज दिसली, पण किडीच्या हिशेबात ही गोष्ट जुनी झालेली असते. पिवळट पंखांची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते आणि आपल्याच अंगावरच्या मऊ केसांनी तो झाकून टाकते. आठवडाभरात अळ्या बाहेर येतात, खोडाला भोक पाडून आत शिरतात, आतून गाभा खातात, आणि मग कुठे वरचा पोंगा सुकू लागतो. गाभेमर डोळ्यांत भरतो त्या दिवशी आपण दहा-पंधरा दिवसांपूर्वीच्या अंड्यांची खबर वाचत असतो. तेवढ्या काळात इतर पतंगही आपापली अंडी घालून गेलेले असतात.

मधल्या या दिवसांना गणितात विलंब म्हणतात. सजीवांच्या संख्येची समीकरणं मांडणाऱ्यांनी गेली शंभर वर्षं या विलंबाचा पाठपुरावा केला आहे. त्यातून हाती आलेली गोष्ट फक्त गणितज्ञांच्या कामाची नाही. संख्या बेताल होते ती दर वेळी आवर कमी पडतो म्हणून होत नाही. पुष्कळदा आवर चांगला जोरकस असतो, पण उशिरा लागतो. आणि उशिरा लागलेला आवर जितका जोरकस, तितका गोंधळ मोठा.

सुरुवात साध्या समीकरणापासून करू. १८३८ मध्ये बेल्जियमच्या पिएर व्हरहुल्स्ट यांनी लोकसंख्यावाढीचं एक सूत्र मांडलं. जागा आणि अन्न मुबलक असेपर्यंत संख्या भराभर वाढते, गर्दी होऊ लागली की वाढ मंदावते आणि जागेला पेलेल त्या आकड्यावर संख्या स्थिरावते. सूत्र देखणं आहे आणि आजही शिकवलं जातं. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आजच्या गर्दीचा परिणाम आजच्या आजच वाढीवर होतो. प्रत्यक्षात आज उपाशी राहिलेली मादी आज कमी अंडी घालते, आणि तिच्या न झालेल्या पिलांची उणीव भासते ती कित्येक दिवसांनी, ती पिलं मोठी झाली असती तेव्हा. येल विद्यापीठाचे जी. इव्हलिन हचिन्सन यांनी १९४८ मध्ये व्हरहुल्स्टच्या समीकरणात नेमकी एवढीच दुरुस्ती केली. आजची वाढ ठरवताना त्यांनी आजची गर्दी न धरता काही काळापूर्वीची गर्दी धरली. (हे हचिन्सन १९३२ मध्ये येलच्या उत्तर भारत मोहिमेबरोबर येऊन लडाखची सरोवरं अभ्यासून गेले होते. तळ्यातले जीव हा त्यांचा आयुष्यभराचा विषय.)

दुरुस्ती दिसायला किरकोळ आहे. तिचा परिणाम वहीत चार ओळी करून पाहण्यासारखा आहे, म्हणून करूनच पाहू. समजा एका शेतात एका किडीचे १००० जीव सुखाने राहू शकतात. गर्दी नसली तर संख्या दर आठवड्याला दुप्पट होते. नियम असा: पुढच्या आठवड्याची संख्या काढायला या आठवड्याच्या संख्येला एका गुणकाने गुणायचं. तो गुणक म्हणजे २ वजा गर्दी, आणि गर्दी म्हणजे संख्या भागिले १०००. सुरुवात १०० जिवांपासून.

गर्दीचा परिणाम ताबडतोब होत असेल तर आकडे असे येतात: १००, १९०, ३४४, ५७०, ८१५, ९६६, ९९९, आणि मग १०००. शांतपणे चढून जागेवर बसले.

आता गर्दी एक आठवडा जुनी धरा. बाकी काहीच बदलायचं नाही. आकडे येतात १००, १९०, ३६१, ६५३, १०७१, १४४२, १३४०, ७४८, ४९३, ६१८, ९३१, १२८७, १३७६. हजाराला थांबायचं सोडून संख्या दीडपटीजवळ गेली, तिथून कोसळून निम्म्यावर आली, पुन्हा वर चढली. हे वर-खाली होणं पुढे लवकर थांबत नाही.

आणखी एक आठवडा वाढवा, म्हणजे गर्दी दोन आठवडे जुनी धरा. १००, १९०, ३६१, ६८६, १२४२, २०३६, २६७५, २०२८, आणि आठव्या आठवड्याला गुणक शून्याच्याही खाली जातो. याचा अर्थ कीड त्या शेतातून संपली. किडीची जात तीच, शेत तेच, वाढीचा वेगही तोच. विलंब शून्य असताना जी संख्या हजारावर जाऊन बसली, तीच दोन आठवड्यांच्या विलंबाने पावणेतीन हजारांपर्यंत चढून नाहीशी झाली. मला वाटतं विषयाचं मर्म या तीन ओळींत आहे, आणि वाचकाने त्या स्वतः एकदा मांडून पाहाव्यात.

असं का होतं? कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचं शेत आहे त्याला हे अनुभवाने ठाऊक असतं. पाणी कमी आलं म्हणून त्याने सांगावा धाडला, वर दार आणखी उघडलं, पण ते पाणी पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात त्याने दुसरा सांगावा धाडलेला असतो. मग दोन्ही वेळचं पाणी एकदम येतं आणि बांध फुटतो. दार उघडणाऱ्याची चूक नाही, मागणाऱ्याचीही नाही. पाणी वाटेत असताना पुढचा निर्णय झाला, एवढंच.

हचिन्सनच्या समीकरणातून विलंब किती झाला की काय होतं याचा नेमका हिशेब निघतो. त्यासाठी दोन गोष्टींचा गुणाकार करायचा: वाढीचा दर आणि विलंब. गुणाकार सुमारे ०.३७ च्या आत असेल तर संख्या न डगमगता जागेवर बसते. त्याच्या वर गेला तर ती आधी पुढे जाते, मागे येते, आणि झोके कमी होत होत थांबते. गुणाकार १.५७ च्या, म्हणजे ‘पाय’च्या निम्म्याच्या, पुढे गेला की झोके कायमचे. दर आठवड्याला दुप्पट होणाऱ्या किडीसाठी या दोन रेषा दिवसांत मोजल्या तर पहिली येते चार दिवसांच्या किंचित अलीकडे आणि दुसरी सोळाव्या दिवशी. म्हणजे आवर चार दिवसांत लागला तर काही कळणारही नाही, आठ-दहा दिवसांनी लागला तर थोडी ओढाताण होऊन निभावेल, सोळा दिवसांहून उशिरा लागला तर संख्या वर-खाली होतच राहील. हळू वाढणाऱ्या जीवाला हाच विलंब सहज पेलतो. महिन्याने दुप्पट होणारी कीड असेल तर दुसरी रेषा दोन महिन्यांपलीकडे जाते. म्हणून नुसता ‘किती उशीर झाला’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणाच्या वेगाच्या मानाने उशीर झाला, हे विचारावं लागतं.

याच हिशेबातून आणखी एक उपयोगी ठोकताळा मिळतो. झोके कायमचे होऊ लागतात तिथे एका झोक्याचा काळ विलंबाच्या साधारण चौपट असतो. एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे दिवस मोजून चाराने भागले, तर त्या व्यवस्थेत उशीर कुठे दडलाय याचा अंदाज बांधता येतो.

हेच समीकरण गणितात एका वेगळ्याच दारानेही आलं. गणितज्ञ हार्डी यांच्यासोबत संख्या-सिद्धांताचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे ई. एम. राइट यांना ते मूळ संख्यांच्या वाटणीचा विचार करताना भेटलं. १९५५ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की गुणाकार १.५ पर्यंत असेल तर संख्या स्थिरावतेच. हीच गोष्ट १.५७ पर्यंत खरी असावी असा त्यांचा कयास होता. १.५ आणि १.५७ यांच्यामधली ती चिंचोळी फट बुजवायला २०१८ साल उजाडलं. यान बाउवे व्हान डेन बेर्ख आणि जोनाथन जॅकेट यांनी संगणकाची मदत घेऊन ते काम पूर्ण केलं. चार शब्दांत सांगता येणारं समीकरण साठ वर्षं पुरलं.

प्रयोगशाळेत विलंब उघडा पडला तो ऑस्ट्रेलियात. मेंढ्यांच्या अंगावर अंडी घालणाऱ्या माश्या तिथल्या मेंढपाळांचं मोठं दुखणं होतं. ए. जे. निकल्सन यांनी या माश्या पिंजऱ्यात वाढवल्या आणि १९५० च्या दशकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. अळ्यांना हवं तेवढं खाणं, प्रौढ माश्यांना हवी तेवढी साखर आणि पाणी, पण अंडी घालायला लागणारं प्रथिन मात्र मोजून: रोज अर्धा ग्रॅम यकृत. माश्या थोड्या असल्या की प्रत्येकीच्या वाट्याला पुरेसं यायचं आणि अंड्यांचा पाऊस पडायचा. त्या अंड्यांतून दोनेक आठवड्यांनी हजारो माश्या निघायच्या. आता यकृताचा वाटा इतका बारीक व्हायचा की कोणालाच अंडी घालता येत नसत. तरी आधीच्या अंड्यांतून माश्या निघतच राहायच्या. मग म्हाताऱ्या माश्या मरत जायच्या, संख्या अगदी खाली यायची, उरलेल्यांना पुन्हा पोटभर मिळायचं, आणि चक्र परत सुरू. खाणं रोज तेवढंच, हवा स्थिर, शत्रू कोणी नाही, तरी दर ३५ ते ४० दिवसांनी लाट उसळायची.

पुढे रॉबर्ट मे यांनी हचिन्सनचं समीकरण या आकड्यांवर बसवलं. लाट जुळली, पण विलंब नऊ दिवसांचा निघाला, आणि अंड्यापासून अंडी घालणारी माशी व्हायला तर त्याहून बरेच जास्त दिवस लागतात. १९८० मध्ये गर्नी, ब्लाइथ आणि निस्बेट यांनी जन्म आणि मृत्यू वेगवेगळे मांडले. जन्म पंधरा दिवसांपूर्वीच्या माश्यांवर अवलंबून, मृत्यू आजच्या माश्यांवर. तेव्हा कुठे दोन्ही गोष्टी एकत्र बसल्या. आलेख जुळला तेवढ्यावर समाधान न मानता ‘विलंब नेमका कोणत्या टप्प्यात आहे’ हे विचारल्यामुळे हे साधलं. म्हणून हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो.

आता परत खाचरात येऊ. भाताच्या तपकिरी तुडतुड्यांची गोष्ट निकल्सनच्या माश्यांपेक्षा गुंतागुंतीची आहे, कारण इथे आवर घालणारे दुसरे जीव आहेत: चुडांच्या बुंध्याशी धावणारे कोळी, तुडतुड्यांची अंडी शोषणारे मिरीड ढेकूण, टाचण्या, चतुर, भुंगेरे. मित्रकीटक म्हणतात ते हेच. तुडतुडे वाढले की त्यांना खाणं मिळतं आणि तेही वाढतात, पण त्यांची पुढची पिढी तयार व्हायला वेळ लागतो. हा निसर्गातला विलंब. त्यात आपण फवारणीने भर घालतो. तुडतुड्याची मादी अंडी पानाच्या आवरणात खुपसून ठेवते, त्यामुळे बहुतेक फवारण्यांतून ती वाचतात. उघड्यावर फिरणारे कोळी आणि मिरीड मात्र मरतात. आठवड्याभराने अंडी फुटतात तेव्हा शेत शत्रूरहित असतं. तुडतुड्यांना पिढी पुरी करायला सुमारे महिना पुरतो, आणि कोळ्यांना परत भरून यायला त्याहून जास्त काळ लागतो. पहिल्या फवारणीनंतर दुसरी लवकर लागते, दुसरीनंतर तिसरी, आणि शेवटी भात गोल चकत्यांत करपून बसतो.

इंडोनेशियाने हे राष्ट्रीय पातळीवर भोगलं. सरकारी अनुदानामुळे कीटकनाशकं स्वस्त होती, फवारण्या वाढल्या आणि तुडतुड्यांचे उद्रेकही वाढले. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर वापरली जाणारी ५७ कीटकनाशकं एका फटक्यात बंद झाली, आणि पुढे अनुदानही काढून घेतलं. त्यानंतर जावा बेटावर विल्यम सेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांचं बारकाईने निरीक्षण केलं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लावणीनंतर लगेच, कीड यायच्या आधीच, शेतात कोळी आणि भुंगेरे दिसू लागतात. ते जगतात कशावर? कुजत्या पालापाचोळ्यावर आणि पाण्यातल्या शेवाळावर पोसणारे बारीक चिलटांसारखे जीव तिथे असतात, त्यांच्यावर. भाताला त्यांचा काही उपद्रव नाही. सेंद्रिय खत घातलेल्या वाफ्यांत हे जीव वाढले, आणि त्यांच्यामागोमाग शिकारीही वाढले. म्हणजे तुडतुडे येऊन वाढेपर्यंत शिकाऱ्यांना थांबावं लागत नाही. ते आधीपासून हजर असतात, आणि विलंब जवळजवळ मिटतो.

कोकणातल्या शेतकऱ्याला यातलं सेंद्रिय खत परकं नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत भाताचे अवशेष शेतात परत घालणं आणि गिरीपुष्पाचा पाला चिखलात गाडणं ही दोन सूत्रं आहेत. ती सांगितली जातात अन्नद्रव्यांसाठी. जावातला अनुभव पाहता बांधावरच्या गिरीपुष्पाकडे कोळ्यांची न्याहारी म्हणूनही पाहायला हरकत नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या परिसरात हे मोजून पाहण्यासारखं आहे: पाला गाडलेल्या आणि न गाडलेल्या खाचरांत लावणीनंतर दुसऱ्या आठवड्यात चुडामागे किती कोळी?

विलंब कापण्याचे बाकीचे उपायही आपल्याकडे आहेत, फक्त ते त्या नावाने ओळखले जात नाहीत. लावणीआधी रोपांचे शेंडे छाटतात तेव्हा खोडकिड्याचे अंडीपुंज शेताबाहेरच जातात, आणि तिथे उशिराचा प्रश्नच राहत नाही. कामगंध सापळ्यात नर पतंग अडकतात. त्यावरून आठवड्या-दोन आठवड्यांनी गाभेमर येणार का याचा अंदाज आधीच घेता येतो. ट्रायकोकार्ड लावल्यावर त्यातल्या बारीक गांधीलमाश्या किडीच्या अंड्यांवरच चाल करतात. पण खोडकिड्याची अंडी आठवडाभरच अंडी असतात, म्हणून कार्ड आठ दिवस उशिरा लावलं तर ते पैसे वाया गेले. चौरस मीटरला एक अंडीपुंज किंवा पाच टक्के गाभेमर ही खोडकिड्याची आर्थिक नुकसानीची पातळी सांगितली जाते. या दोन आकड्यांकडे विलंबाच्या नजरेने पाहिलं तर ते सारखे राहत नाहीत. अंडीपुंज ही ताजी खबर आहे आणि गाभेमर शिळी. शक्य असेल तर पहिलीवर चालावं.

२००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर राज्याने कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ल्याचा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प सुरू केला, आणि आता भातही त्यात आहे. निरीक्षकाने शेतात मोजायचं, आकडे वर जायचे, सल्ला खाली यायचा. अशा व्यवस्थेची किंमत करताना मी आधी एकच गोष्ट विचारेन: शेतातला आकडा आणि शेतकऱ्याच्या फोनवरचा सल्ला यांच्यात किती दिवस जातात? आठवड्याला दुप्पट होणाऱ्या किडीसाठी चार दिवस आणि दहा दिवस यांत काय फरक पडतो, ते वरच्या हिशेबात आलंच आहे.

समीकरणांना मर्यादाही आहेत, आणि त्या आपल्या भागात लगेच दिसतात. निकल्सनच्या पिंजऱ्यात वर्षभर एकच ऋतू होता. आपल्याकडे पावसाळी भात जातीप्रमाणे चार-पाच महिन्यांचा. कर्जत-३ किंवा कर्जत-७ सारख्या हळव्या जाती तर त्याहून लवकर उरकतात. खोडकिड्याला एक पिढी पुरी करायला साधारण दीड महिना लागतो. चौपटीचा ठोकताळा लावला तर पूर्ण झोक्याला सहा महिने हवेत, आणि तोवर कापणी झालेली असते. शेतकऱ्याला लाटेचा फक्त चढता भाग दिसतो आणि तोच कायमचा नियम वाटू लागतो. कापणीनंतर जमीन वालाखाली गेली किंवा पडीक राहिली, तर खोडकिड्याला खायला भात उरत नाही. थोड्या अळ्या धसकटांत दडून राहतात, बाकीचा हिशेब कोरा होतो. म्हणून धसकटं नांगरून काढायला सांगतात. दुसरं असं की सगळ्याच अळ्या एकाच दिवशी प्रौढ होत नाहीत. कुणाला पाच दिवस कमी, कुणाला जास्त. असा पसरलेला विलंब एकाच ठरावीक विलंबापेक्षा बहुधा कमी हेलकावे देतो. पाऊस, वारा, पूर यांचे धक्के वेगळेच.

पण कर्जत तालुक्याच्या एका पट्ट्यात हिशेब कोरा होत नाही. टाटांच्या भिवपुरी वीजघरातून, म्हणजे १९२२ पासून चालू असलेल्या जलविद्युत केंद्रातून, बाहेर पडणारं पाणी राजनाल्याने शेतांना मिळतं आणि तिथे उन्हाळी भात होतो. घाटमाथ्यावरचं पाणी वीज करून खाली उतरतं आणि वर्षातून दुसरं पीक देतं, ही या भागाची मोठी पुण्याई आहे. कीडशास्त्राच्या नजरेने मात्र तिथे भाताशिवायचे महिने थोडे उरतात, आणि पावसाळ्यात सुरू झालेली लाट उन्हाळी पिकात पुढे चालू राहू शकते.

अशा पट्ट्यात सर्वांनी एकाच आठवड्यात लावणी करावी की मागेपुढे, हा खरा वादाचा प्रश्न आहे. एकदम लावणी केली तर किडीला मधे उपाशी काळ मिळतो, म्हणून रूढ सल्ला तोच आहे. पण शिकारीही त्याच काळात उपाशी मरतात. १९९७ मध्ये अँथनी आइव्ह्ज आणि सेटल यांनी गणिती प्रतिमानांतून दाखवलं की शिकारी प्रभावी असतील तिथे मागेपुढे लावणी अधिक फायद्याची ठरू शकते, कारण एका शेतातले शिकारी शेजारच्या कोवळ्या शेतात वेळेवर पोचतात. पुण्याच्या आयसरमध्ये संशोधन करणारे सुतीर्थ डे आणि बंगळुरूचे अमिताभ जोशी यांचा फळमाश्यांवरचा प्रयोग २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला, तोही याच अंगाने वाचावा. वेगवेगळ्या कुप्यांतल्या माश्यांच्या वस्त्यांमध्ये थोडीशीच ये-जा असली तर वस्त्यांचे चढ-उतार एकमेकांशी जुळत नाहीत आणि एकूण संख्या स्थिर राहते. ये-जा वाढली तर सगळ्या एकदम चढतात आणि एकदम पडतात.

राजनाल्याच्या दोन्ही काठांवर कोणता सल्ला चालेल हे एका मोजणीवर ठरेल. नाल्याला पाणी सुटून उन्हाळी लावणी झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत चुडाच्या बुंध्याशी आधी कोण दिसतं, कोळी की तुडतुडे? लागोपाठ काही वर्षं, लवकर लावलेल्या आणि उशिरा लावलेल्या खाचरांत, दर आठवड्याला ठरावीक वीस चूड वाकवून पाहिले तरी उत्तर मिळू लागेल. त्यासाठी लागते वही, आणि सकाळी ऊन चढायच्या आत बांधावर जायची तयारी.